पडकईच्या दिवशी तारीख

गेणभाऊ पहिल्यांदा आत आला तेव्हा मी गेटवर त्याची झडती घेत होतो, आणि हा बाबा मलाच विचारतो, "भाऊ, हितं मावळत कुठल्या अंगाला?" सगळी नोकरी गेटवर गेली माझी. लोक विचारतात जेवण कधी, मुलाखत कधी, वकील कधी येणार. मावळतीची चौकशी करणारा हा पहिलाच. मी म्हटलं, "का रे, सूर्याकडं काय काम काढलंस?" तर म्हणतो, "आमचं घर मावळतीला हाय. तिकडं तोंड करून निजलं म्हंजी बरं वाटंल."

मी भगवंत, बोरी बुद्रुकचा. तुरुंगात शिपाई म्हणून लागलो आणि हवालदार होऊन बाहेर पडलो. कुठला तुरुंग ते विचारू नका, नोकरी संपली तरी पेन्शन चालू आहे. आता घरी बसलोय आणि थकलोय. कैद्यांनी नाही थकवलं, त्या दारानं थकवलं. उघड, लाव, उघड, लाव. गावात पारावर बसलो की पोरं मला खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. अरे बाबांनो, खुनी माणूस एकदा आत येतो आणि मग वर्षानुवर्षं आपला सुतारकाम करत बसतो. त्यात सांगण्यासारखं काय आहे? माझा खांदा गेला तो गेणभाऊसारख्यांना आत-बाहेर करण्यात.

गेणभाऊ तळेघरच्याही वर, डोंगरातल्या एका वाडीतला. एसटी तळेघरपर्यंत, पुढं आपले पाय. घरात दोनच माणसं, तो आणि त्याची बायको कुशाबाई. एकुलती मुलगी मंचरकडं दिलेली. जमीन होती, पण सगळी उताराची. उतारावर नाचणी येते, वरई येते, भात येत नाही. भाताला पाणी उभं राहावं लागतं, आणि पाणी उभं राहायला खाचर लागतं. खाचर म्हणजे डोंगराचा उतार खणून, पुढं दगडाचा बांध घालून केलेली सपाट जागा. एका घराच्या ताकदीचं हे काम नव्हे, म्हणून तिकडं पडकई करतात. सुगी आटोपली की वाडीतली घरं एकत्र येतात, आज ह्याच्या रानात तर उद्या त्याच्या. प्रत्येक घरानं एक गडी आणि एक बाई द्यायची. गडी खणतात, बाया मातीच्या पाट्या वाहतात. मजुरी नाही. ज्याचं काम असेल त्यानं दुपारचं जेवण घालायचं, एवढंच. तुम्ही माझ्याकडं आलात की मी तुमच्याकडं येणार, आणि जो दुसऱ्याकडं गेला नाही त्याच्याकडं कुणी येत नाही. खालच्या गावांत आता जेसीबी आलाय, पण गेणभाऊच्या उतारावर जेसीबी काय, शेळीसुद्धा विचार करून चढते.

आपल्या रानात एक खाचर व्हावं आणि आपल्या बांधातला भात आपल्या ताटात यावा, एवढंच त्या नवराबायकोचं मागणं. आयुष्यभर दुसऱ्यांची खाचरं केली दोघांनी. शेवटी वाडीनं त्यांची पाळी लावली. आणि तेवढ्यात बेल्ह्याचा बाजार आडवा आला.

गेणभाऊ तिथं बैल विकायला घेऊन गेला होता. बैल चालवून दाखवायला दलालानं त्याचं शेपूट पिरगाळलं. ठीक आहे, सगळेच पिरगाळतात. पण हा गडी पिरगाळतच राहिला, बैल ओरडायला लागला, आणि भोवतीची माणसं दात काढायला लागली. गेणभाऊच्या हातात काठी होती. एकच घातली त्यानं, पण दलालाचं मनगट मोडलं. झाली केस.

पहिली तारीख लागली त्याच दिवशी वाडीत भिमाजीची पडकई. हा भिमाजी वाडीतला जाणता माणूस, कुणाची पाळी कधी ते तोच लावतो. आता तुम्ही आम्ही काय करू? गुपचूप कोर्टात जाऊ. गेणभाऊ टिकाव खांद्यावर टाकून भिमाजीच्या रानात गेला. पुढं आत भेटल्यावर मी त्याला झापला, "अरे शहाण्या, कोर्टाची तारीख होती ना?" तर मला समजावतो, "भाऊ, मी न्हाई गेलो म्हून कोर्ट काय बंद पडतं व्हय? पर भिमाजीकडं एक गडी कमी पडला असता." डोक्याला हात लावला मी. पुढच्या तारखेला आणखी कुणाची तरी पडकई होती. मग वॉरंट निघालं आणि पोलीस वाडीत आले, तेव्हा हा दुसऱ्याच्याच रानात खणत होता. हात धुऊन येतो म्हणाला आणि आला.

जामीन द्यायला सातबारावर नाव असलेला माणूस लागतो. वाडीतल्या निम्म्या जमिनी अजून मेलेल्या आजोबा-पणजोबांच्या नावावर. जामीनदार मिळेपर्यंत गेणभाऊ आमच्याकडं. आम्ही अशांना कच्चा कैदी म्हणतो, म्हणजे शिक्षा लागलेली नाही पण आत आहे. शिक्षा लागली की पक्का. कच्चा असो की पक्का, थोड्या दिवसांचा पाहुणा असला की त्याची जागा ठरलेली, बराकीच्या टोकाला, संडासाच्या भिंतीशी. पंख्याखालच्या जागा जुन्या लोकांच्या. जितके दिवस जास्त तितकी जागा बरी. गेणभाऊला मावळतीकडं तोंड करून निजायचं होतं, आणि मावळतीला नेमका संडास. तरी तो तसाच निजायचा. बाजूचे शिव्या घालायचे, हा हसायचा.

तो काही फार दिवस राहिला नाही. लोक म्हणतील, चला, थोडक्यात सुटला. थोडक्यात! तेवढ्या दिवसांत वाडीत एकेकाची पडकई होत गेली आणि गेणभाऊच्या घरचा गडी कुठंच गेला नाही. कुशाबाई पाट्या वाहायला जात होती, पण पाटी भरायला घरचा माणूस नाही. ज्याचे दिवस भरले नाहीत त्याची पाळी गेली. हे सांगायला बाई डोंगर उतरून, एसट्या बदलत मुलाखतीला आली. जाळीच्या पलीकडं उभी राहिली. माझी ड्युटी तिथंच होती, म्हणून ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "पाळी गेली आपली." गेणभाऊ म्हणाला, "आसूंदे. पुढल्या वरसाला." ती म्हणाली, "हां." मग दोघं तसेच उभे. मुलाखतीची वेळ शिल्लक होती, पण दोघांकडं बोलायला काही नव्हतं. मलाच कसंसं झालं, मी उगीच दुसरीकडं बघत बसलो.

पुढल्या वर्षी काय झालं ऐका. सुटल्यावर खटला चालूच होता, तारखा चालूच होत्या. कुणीतरी गेणभाऊच्या डोक्यात भरवलं की गुन्हा कबूल केला की एका दिवसात सुटका होते. होते ना, खटल्यातून होते! हा उभा राहिला आणि म्हणाला, व्हय साहेब, मारली काठी, बैल आमचा लई गरीब व्हता. एक महिन्याची साधी कैद. त्या एका महिन्यातच त्याच्या स्वतःच्या पडकईचा दिवस होता. ह्या वेळी दुसऱ्यांकडचे सगळे दिवस त्यानं भरले होते बरं का, एकही चुकवला नव्हता. पण वाडीचा आणखी एक नेम आहे. बांध कुठून कुठं घालायचा ती रेघ मालकानं मारायची. मागं कधी तरी एका घरचा मालक हजर नव्हता, लोकांनी आपल्या अंदाजानं बांध घातला, आणि माघारी येऊन त्यानं भाऊबंदांशी हद्दीवरून डोकी फोडली. तेव्हापासून मालक नाही तर पडकई नाही. भिमाजी येऊन कुशाबाईला म्हणाला, "गेणू आला की बघू," आणि पाळी पुढच्या घराला गेली.

गेणभाऊ गेटवर मला बघून हसला. "भाऊ, वळखलं का?" मला इतका राग आला म्हणून सांगू. म्हटलं, "हसतोस काय मुडद्या? जत्रेला आलायस का?" त्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदा म्हातारा झालेला पाहिला.

त्याच दिवसांत वरून एक मोठे साहेब आले होते, तुरुंगात गर्दी का होते ते बघायला. चांगला माणूस होता. बराकीत फिरले, कैद्यांशी बोलले. संध्याकाळी गिनती झाली, म्हणजे किती माणसं आत आहेत ती मोजणी. साहेबांनी विचारलं, यात महिना-दोन महिन्यांची शिक्षा असलेले किती? अगदी मूठभर निघाले. साहेब म्हणाले, म्हणजे ह्यांच्यामुळं गर्दी नाही, ह्या सगळ्यांना आज सोडलं तरी बराक रिकामी होणार नाही. बरोबर होतं त्यांचं. मी काय खोटं म्हणू? बराक भरली होती ती कच्च्यांनी आणि लांब शिक्षेवाल्यांनी.

पण मी गेटवरचा माणूस. मी रात्रीची गिनती धरून चालत नाही, मी दारातून कोण गेलं ते बघतो. पंख्याखालच्या सतरंजीवर वर्षभर एकच माणूस. संडासाजवळच्या सतरंजीवर आज गेणभाऊ, तो गेला की दुसरा, तो गेला की तिसरा. गिनतीला ती सतरंजी रोज एकच. त्या एका सतरंजीनं वर्षात कितीकांची कामं घालवली, कितीकांची पोरं शाळेतून काढली, कितीकांच्या बायकांना जाळीपुढं मुकं उभं केलं, ते कुठं मोजणार? लांब शिक्षेवाल्याला आत काम शिकवतात, चांगला वागला तर माफी मिळते, रजेवर घरी जाऊन येतो. महिन्याच्या माणसाला काय शिकवणार? झाडू हातात देईपर्यंत त्याचा सुटायचा दिवस येतो. काही शिकायला पुरत नाही आणि घर मोडायला पुरून उरते, अशी ही शिक्षा. साहेबांना मी ह्यातलं काही बोललो नाही. बोलून काय व्हायचं होतं? दार उघडलं, साहेब गेले, दार लावलं.

सुटायच्या दिवशी गेणभाऊ मला म्हणाला, "भाऊ, रिटायर झालात की या वाडीला. नव्या खाचरातला भात खायाला घालतो." मी म्हटलं, "तू आधी खाचर कर. आणि पुन्हा हे तोंड मला दाखवू नकोस." म्हणाला, "आता कशाला येतोय!"

आला नाही. म्हणजे माझ्यासमोर तरी नाही, कारण मीच रिटायर झालो. गावी येऊन पहिलं वर्ष नुसतं झोपून काढलं. मग माघात एक दिवस घरात बसून बसून कंटाळा आला, बायकोशी उगीच भांडण झालं, आणि म्हटलं चला, त्या गेण्याकडं भात खाऊन येऊ. नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत तळेघरला उतरलो. तिथून चालत वाडी. गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या, पण पोचलो.

गेणभाऊ अंगणात डोकं धरून बसला होता. मला बघून उठला, पाया पडायला लागला. मी म्हटलं, "ते राहू दे. खाचर कुठंय?" कुशाबाई आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "खाचर न्हाई झालं, भाऊ. केस झाली." मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. खाचराची जागा साफ करताना गेणभाऊनं उतारावरचं एक ऐनाचं झाड तोडलं होतं. झाड त्याच्या हद्दीत की जंगलाच्या हद्दीत ह्यावरून केस लागली. ह्याच्या आजानं लावलेल्या खुणेचा दगड होता, तो पावसात कधीच वाहून गेला. आता तालुक्याच्या कोर्टात तारखा. शिक्षा लागलीच तर दोन-चार महिन्यांची लागेल, असं वकील म्हणाला होता. दोन-चार महिने! बोलायला किती सोपं.

आणि उद्या तारीख होती. आणि उद्याच भिमाजीची पडकई होती.

"ह्या टायमाला जाणार हाय कोर्टात," गेणभाऊ म्हणाला. "पर मग भिमाजीकडं आमचा गडी न्हाई. दिवस पडंल. आन दिवस पडला की पाळी..." कुशाबाई चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला लागली. ते थापटणं ऐकून मला त्या मुलाखतीच्या जाळीची आठवण झाली.

मी म्हटलं, "तुमच्याकडं बदली गडी चालतो का?"

"घरचा आसंल तर चालतो."

"मग मी जातो. टिकाव दे."

गेणभाऊ नको नको म्हणाला. "तुमी सरकारी माणूस," म्हणाला. मी म्हटलं, "सरकारनं मला कधीच सोडून दिलंय. तू उद्या गुमान कोर्टात जा, नाहीतर मीच तुला धरून नेतो."

दुसऱ्या दिवशी भिमाजीच्या रानात गेलो. भिमाजी माझ्या वयाचा, काटक. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पावणं, कुणाच्या घरचं?" मी म्हटलं, "गेणभाऊच्या." तो जरा सरकला आणि मला रांगेत जागा दिली. बोरीला आमची काळी जमीन, टिकाव मारला की लोण्यासारखी निघते. इथं प्रत्येक घावाला दगड. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. बाया माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुशाबाई माझीच पाटी उचलत होती आणि मी दमलो की पाटी अर्धीच भरून चालती व्हायची, मला दम खायला मिळावा म्हणून. जेवायला भात आणि हुलग्याचं कालवण होतं. इतकं जेवलो की पुन्हा उठवेना.

संध्याकाळी गेणभाऊ तळेघरहून चालत आला. कोर्टातले साहेब रजेवर होते, पुढची तारीख दिली म्हणाला. मी तारीख विचारली. त्यानं सांगितली आणि भिमाजी हातातला टिकाव टेकून उभा राहिला. ती तारीख गेणभाऊच्या स्वतःच्या पडकईची होती.

आता काय बोलायचं सांगा. मी म्हटलं, "भिमाजी, पाळी दोन दिवस मागंपुढं करा." भिमाजी म्हणाला, "भाऊ, करायला काय न्हाई. पर पुढं परतेक दिवस लागल्याला हाय. त्यापुढं लगीनसराई. ह्याला न्हाई म्हणाया मला बी बरं न्हाई वाटत. पर मालक नसंल तर रेघ कोण मारील?"

"मी मारीन," कुशाबाई म्हणाली.

तिनं डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवली. "ह्ये दोनदा आत व्हतं. तवा घरचे दिवस भरायला कोण येत व्हतं? मीच ना? माझ्या पाटीला कुणी म्हणलं का, मालक न्हाई म्हून माघारी घेऊन जा? पाट्या वाहायला मी घरची, आन रेघ मारायला न्हाई व्हय?" आवाज चढला नव्हता तिचा. भिमाजीनं पागोट्याखाली खाजवलं. त्याच्या बायकोनं मागून त्याला ढोसलं. मग म्हणाला, "बरं बाई. तू मार."

त्या दिवसासाठी मी पुन्हा गेलो. बायको म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय. लागलं असेल.

सकाळी अंधूक असतानाच गेणभाऊ कोर्टाला निघाला. जाताना कुशाबाईला सांगत होता, "वरनं त्या कातळापासनं धर. खाली पार आंब्यापतुर घे. मोठं व्हऊंदे." ती हूं हूं करत होती. तो वळणाआड गेला तसं तिनं मला विचारलं, "आज शिक्षा लागली तर तिथनंच आत नेत्यात का हो?" मी गेटवरचा माणूस, मला खोटं बोलता येईना. म्हटलं, "नेतात." ती म्हणाली, "हां."

माणसं जमली. कुशाबाईनं हातात पहार घेतली आणि उतारावर रेघ ओढत निघाली. कातळापासून निघाली खरी, पण आंब्यापर्यंत गेलीच नाही. निम्म्यातच वळली. भिमाजी म्हणाला, "आगं, आजून खाली घे. जागा हाय, माणसं हायत, पुन्हा पडकई मिळायला कैक वरसं जातील." ती म्हणाली, "येवढंच." त्यानं पुन्हा समजावलं. गेणूनं आंब्यापर्यंत सांगितलं होतं म्हणाला. तिनं पहार रेघेच्या टोकाला रोवली आणि पाटी उचलली. मला वाटलं, त्या ऐनाच्या बुंध्याला भ्याली असेल, नको बाबा परत केस. कुणी जास्त विचारलं नाही. कामाला लागलो.

दिवसभर खणलं. दगड निघत होते ते बांधाला लागत होते. दुपारी तिनंच भात वाढला, दुकानातून आणलेला. दिवस कलायला लागला तसं माणसांचं लक्ष कामावरून उडालं. सगळ्यांचे डोळे तळेघरच्या वाटेकडं. एसटीची वेळ होऊन गेली, चालत यायची वेळ होऊन गेली. कुशाबाई एकदाही तिकडं बघत नव्हती, नुसती पाट्या वाहत होती, गरज नव्हती तरी वाहत होती. आत नेतात तेव्हा किती वाजता नेतात, झडती कधी, सतरंजी कुठली, सगळं मला माहीत. ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

माणसं पांगली. भिमाजी सर्वात शेवटी गेला. आणि मग वाटेवर गेणभाऊ दिसला. एसटी चुकली म्हणून खालून कुणाच्या टेम्पोतून अर्ध्यात आला होता आणि उरलेलं चालत. मी खरं सांगतो, मला रडू फुटलं. म्हातारा हवालदार, तीन ताडपत्र्यांएवढ्या खाचरात उभा राहून रडतोय, असा देखावा होता तो.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुढली तारीख दिली. त्याच दिवशी निकाल लागंल म्हंत्यात."

"कधी?"

"आषाढात."

आषाढात तिकडं भाताची लावणी असते. चिखलात रोपं लावायची, आठ-दहा दिवसांत उरकायची, उशीर झाला की भात गेला. त्याला हे माहीत होतं, मला आता माहीत झालं होतं.

गेणभाऊ खाचरात उतरला. चपला काढून उतरला. बांधावरून हात फिरवत चालला, दगड दाबून बघितले, कोपऱ्यातली माती मुठीत घेतली. चेहरा असा उजळला होता त्याचा की मी बघतच राहिलो. मग खालच्या टोकाला थांबला आणि आंब्याकडं बघितलं. मधला सगळा उतार तसाच पडून होता.

"आगं, ह्ये निम्मंच की," तो म्हणाला. "मी आंब्यापतुर सांगितलं व्हतं. माणसं कमी पडली व्हय?"

"माणसं पुष्कळ व्हती."

"मंग?"

कुशाबाई बांधावर बसली होती. पायाच्या भेगांतली माती काटकीनं काढत होती. वर न बघताच बोलली.

"मला एकटीला लावता येईल येवढंच धरलं."